वय २, ताप

गेल्या एप्रिलमध्ये एका घरी मी एक कागद दिला आणि एक पिशवीतच ठेवला. दोन्ही एकाच कुटुंबाचे होते आणि एकाच दिवशी, एका तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मला सापडले होते. जो दिला तो हातात पडताच त्या घरातला मुलगा बसल्या जागेवरून उठून उभा राहिला, कारण बारावीनंतरच्या प्रवेशासाठी लागणारे त्याचे जातवैधता प्रमाणपत्र तेवढ्या एका जुन्या नोंदीवाचून अडले होते. त्याच्या पणजोबांना १९३९ साली मुलगी झाल्याची ती नोंद होती. पणजोबांचे नाव, जात, तारीख, सगळे स्वच्छ मोडी लिपीत. "म्हणजे ही आमची आत्याआजीच की," असे म्हणत त्याने खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथे आत्याआजी भिंतीला टेकून, पाय लांब करून, सुपात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी टरफले बाजूला सारली, चष्म्याची काडी कानामागे नीट बसवली आणि मला विचारले, "अक्का, मीच का ओ ती?" मी म्हणाले, "हो आजी, तुमचीच नोंद."

ती नोंद त्यांची नव्हती.

बाहेर पडले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. सोलापूरच्या एप्रिलात त्या वेळी रस्त्यावर कुत्रेसुद्धा नसते. डांबर चपलेला चिकटते आणि रसवंतीच्या घुंगरांचा आवाजदेखील सुस्तावल्यासारखा येतो. पिशवीत दुसऱ्या कागदाची झेरॉक्स होती. तिचे वजन ते किती असणार, पण घरी पोहोचेपर्यंत मी पिशवी तीनदा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. पुढचे चार महिने तो कागद माझ्या टेबलावर, काचेखाली, लाइटच्या बिलाशेजारी पडून होता.

माझ्या व्यवसायाला धड नाव नाही. निमंत्रणपत्रिकेवर 'स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक' असे छापतात, बँकेच्या अर्जावर मी 'इतर' या चौकोनात खूण करते आणि शेजारच्या काकू 'जुने कागद वाचणाऱ्या बाई' अशी ओळख करून देतात. तिन्हींपैकी काकूंचे म्हणणे सर्वांत अचूक आहे. जानेवारीत, गड्ड्याच्या दिवसांत, सिद्धेश्वराच्या यात्रेच्या निमित्ताने दोन-तीन व्याख्याने मिळतात. मानधनाच्या जागी श्रीफळ येते, आणि गाव सोलापूर असल्यामुळे शालीच्या जागी चादर येते; माझ्या कपाटात अशा अकरा चादरी आहेत आणि एकही विकत घेतलेली नाही. व्याख्यानानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: सोळा गावे मिळून सोलापूर झाले ना? मी सांगते की कन्नड शिलालेखांत या गावाचे नाव सोन्नलगी असे येते आणि पुढच्या लेखांत सोनलपूर, संदलपूर अशी रूपे दिसतात. श्रोते मान हलवतात आणि चहाच्या वेळी कोणीतरी सोळा गावांची यादी मला तोंडपाठ म्हणून दाखवतो. त्या यादीत सोलापूर हे स्वतःच एक गाव म्हणून असते, सोनलगी दुसरे आणि संदलपूर तिसरे. एकाच माणसाला तीन वेळा मोजून पंगत भरल्यासारखे हे आहे. पण यादी इतकी लयीत म्हटली जाते की ती मोडायला जीव धजावत नाही. शिवाय हातात चादर नुकतीच पडलेली असते.

पोट चालते ते दाखल्यांवर. आपली जात सिद्ध करायला आपल्याकडे पूर्वजांचा कागद लागतो, आणि तो ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो. अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७. त्यामुळे ज्याला इतिहासाशी काडीचे देणेघेणे नाही असा माणूससुद्धा आयुष्यात एकदा पणजोबांच्या शोधात निघतो. २०२३ च्या अखेरीस राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर मोडी वाचणाऱ्यांना असा काही भाव आला की माझ्या दारात सकाळी सात वाजता जीपगाडी उभी राहू लागली. एरवी 'हे असले शिकून काय करणार' असे म्हणणाऱ्या एका नातेवाइकांनी त्या हिवाळ्यात मला दोनदा जेवायला बोलावले.

पूर्वज सापडणे हे बरेचसे तो नशिबाने कुठल्या बाजूला जन्मला यावर अवलंबून असते, हे मला या कामातच कळले. आजचा सोलापूर जिल्हा तेव्हा अनेकांच्या मालकीचा होता. बराचसा भाग इंग्रजांचा, अक्कलकोट वेगळे संस्थान, मंगळवेढा सांगलीकरांचा, आणि तुळजापूरच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की निजामाची हद्द. इंग्रजी मुलखातला पणजोबा मोडीत सापडतो आणि इसवी सनाच्या तारखेला सापडतो. निजामाच्या मुलखातला सापडलाच तर उर्दूत सापडतो आणि फसली सालात, ज्यात ५९० मिळवून आपले साल काढावे लागते, आणि कोणत्या महिन्यात ५९१ मिळवायचे याची आठवण ठेवावी लागते. दोन सख्ख्या बहिणी, एक या हद्दीत दिलेली आणि एक त्या. एकीच्या नातवाला आठवड्यात कागद मिळतो, दुसरीचा नातू वर्षभर हेलपाटे घालतो. मला फी दोघेही तेवढीच देतात, आणि दुसऱ्याकडून ती घेताना माझा हात जरा जड होतो.

याहून विचित्र गोष्ट सेटलमेंटची. ज्या जमातींना इंग्रजांनी कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवले होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते बंधन सुटले. कुंपणातल्या माणसाची हजेरी व्हायची, तो कुठे गेला आणि कधी परतला हे लिहिले जायचे, कुटुंबात कोण कोण आहे हे सरकारला तोंडपाठ असायचे. म्हणजे ज्यांच्यावर संशय होता त्यांना सरकारने नावानिशी ओळखले. ज्यांच्यावर संशय नव्हता, अशा शेतावर राबणाऱ्या साध्या बायकांचे नाव लिहून ठेवण्याची मात्र कोणाला गरज वाटली नाही.

आत्याआजींच्या गावचे बासन, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मी सोडले ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. अभिलेख कक्षात पंखा असतो, पण लावता येत नाही; कागदाचे पापुद्रे उडतात. गंमत अशी की अठराव्या शतकातला हाती बनवलेला कागद अजून कापडासारखा लवतो, त्यावरची काजळाची शाई काळीकुळकुळीत असते, आणि शाई टिपायला टाकलेली बारीक वाळू कधीकधी घडी उलगडताना बोटांना लागते. त्याच्याहून दीडशे वर्षांनी तरुण असलेला, कारखान्यात बनलेला कागद मात्र पापडासारखा तुटतो. त्यामुळे पेशवाईतला सावकार मला ठणठणीत भेटतो आणि महायुद्धाच्या काळातले बाळ कडेने झडलेले असते. नाकाला ओढणी बांधून, लाकडी पट्टी पानाखाली सरकवत, एकेक पान उलटायचे. वर कागद खाणारी कसर धावते, तिला फुंकर मारायची नाही, कारण तिच्याबरोबर तारीखही उडते.

गावच्या जन्ममृत्यूच्या या वहीला लोक कोतवाल बुक म्हणतात. गावात कोणाकडे काय झाले हे कोतवाल तोंडी सांगायचा आणि ते वहीत चढायचे. मी पाहिलेल्या वह्यांत जन्माच्या नोंदीला बाळाचे नाव सहसा नसते. बापाचे नाव, जात, तारीख आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. आईचेही नाव बहुतेक वेळा नसते. याचा मला पूर्वी राग यायचा, मग कारण लक्षात आले: कोतवाल वर्दी द्यायचा तेव्हा बारसेच झालेले नसायचे. बाळाला अजून नाव नाही, मग लिहिणार काय? बारसे झाल्यावर परत येऊन नाव चढवण्याची पद्धत नव्हती. मृत्यूच्या नोंदीला मात्र नाव, वय आणि कारण असे रकाने असतात. म्हणजे नाव वहीत यायला मुलीला मरावे लागायचे.

त्या बापाच्या नावावर मला तीन नोंदी मिळाल्या. १९३९, मुलगी. १९४२, मुलगी. आणि मधे, १९४१ च्या पावसाळ्यात, मृत्यूच्या पानावर एक. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. ते एका नदीचे नाव आहे आणि आपल्याकडे घराआड एका बाईचे असायचे. वय २. कारण ताप. मोडीत लिहिणारा बोरू शक्यतो उचलत नाही, अक्षराला अक्षर लागून येते, आणि ते नाव, वय आणि ताप ही तिन्ही एका दमात लिहिलेली होती. मी ते वाचले आणि पुन्हा वाचले, कारण तेच नाव मला त्या घरून मिळालेल्या कागदावर, आत्याआजींच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सवर, देवनागरीत छापलेले होते.

कार्डावरची जन्मतारीख होती १ जून.

त्या पिढीत कोणाची नाही? माझ्या वडिलांचीही १ जूनच. शाळा जूनमध्ये भरायची, मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे, हात पोहोचला की वय झाले. तारीख मास्तरांच्या टाकातून उतरायची. वडील गिरणीत विव्हिंग खात्यात होते आणि निवृत्तीच्या वेळी हसून म्हणाले होते की मास्तरांनी माझी दीड वर्षाची नोकरी खाल्ली. आमच्या घरी वाढदिवस हा प्रकार नव्हताच; भोंगा होता, त्यावर दिवस उगवायचा. वये सांगायची तर घटनांवरून: प्लेगच्या साली, मार्शल लॉच्या उन्हाळ्यात, रझाकाराच्या वेळी, बहात्तरच्या दुष्काळात. आत्याआजींनी पहिल्या भेटीत मला सांगितले होते की रझाकाराच्या वेळी त्या शेळ्या राखायला जाण्याइतक्या मोठ्या होत्या आणि हद्दीपलीकडून डोक्यावर गाठोडी घेऊन येणारी माणसे त्यांनी बांधावर बसून पाहिली होती. १९४२ धरले तर १९४८ ला सहा वर्षांच्या. हिशेब बसतो. १९३९ ची मुलगी त्या नव्हत्याच.

मग मी १९३९ चा कागद का दिला? कारण सोपे होते आणि व्यावहारिक होते. १९४२ च्या पानाचा जातीचा रकाना नेमका कसरीने खाल्ला होता. १९३९ चे पान अखंड होते. प्रमाणपत्राला पणजोबांचे नाव आणि जात हवी होती. मुलगी कोणती, याच्याशी प्रमाणपत्र देणाऱ्या समितीला कर्तव्य नव्हते आणि कागदात काही खोटे नव्हते. खोटे मी तोंडी बोलले. आणि का बोलले, तर खोली लहान होती, मुलगा आनंदात होता, त्याच्या आईने पोह्यांची ताटली हातात दिली होती, आणि ऐंशी ओलांडलेल्या बाईला तुमचे नाव मी मृत्यूच्या वहीत पाहिले हे कोणत्या शब्दांत सांगायचे ते मला सुचले नाही. पण हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे असे की, ज्याचे पैसे मिळणार तेवढेच सांगायची सवय मला नकळत लागली होती. लोक विचारतात त्याचे उत्तर द्यायचे, पान मिटायचे, पुढचे बासन. आत्याआजींनी विचारले होते, पण ग्राहक त्या नव्हत्या.

चारेक महिने गेले. इतर कामे झाली. एका वाड्याच्या वाटणीसाठी जुनी फारखत वाचून दिली, एका देवळाच्या पायरीवरचा कन्नड लेख म्हणून दाखवलेला दगड प्रत्यक्षात जात्याच्या टाकीचे घाव निघाला. टेबलावर बसले की काचेखालून ते नाव दिसायचे. शेवटी श्रावणातल्या एका सोमवारी, फोन न करता, मी गेले. मुलाचे प्रमाणपत्र आले होते, पेढाही मिळाला. आत्याआजी त्याच कोपऱ्यात होत्या. वर्षानुवर्षे विड्या वळल्या त्यामुळे त्यांच्या उजव्या हाताची बोटे रिकामी असली तरी आपोआप काहीतरी गुंडाळत राहतात. त्या दिवशी ती पदराचे टोक गुंडाळत होती.

मी कागद काढला आणि जसे आहे तसे सांगितले. थोरली होती, १९३९ ची. दोन वर्षांची होऊन तापाने गेली. तुम्ही नंतरच्या. आणि तिचे नाव हेच होते, जे तुमचे आहे.

मुलगा आधी बोलला. "मॅडम, यानं व्हॅलिडिटीला काही होणार नाही ना?" मी नाही म्हटल्यावर तो निवांत झाला आणि मोबाईलकडे वळला. त्याला दोष देण्यासारखे काही नव्हते. एप्रिलमध्ये मीही याच क्रमाने विचार केला होता.

आत्याआजी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "थोरली एक गेली हे ठावं होतं. नाव कुणी सांगितलं न्हाई." बोटे थांबली. "म्हणून आई मला नावानं हाक मारायची न्हाई. ए पोरी म्हणायची. बाकी सगळ्यांना नावानं, मला ए पोरी. मला वाटायचं, मी लाडकी न्हाई." हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत; एखादा जुना हिशेब ताळ्याला आल्यासारख्या म्हणाल्या. मग त्यांना हसू आले. "आता थोरलीचं परकर-पोलकं धाकटीला येतंयच की ओ. तसं नावबी आलं. नवं कुठनं आणायचं?" सासरी गेल्यावर त्यांचे नाव बदलले होते, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले, नवरा दुसऱ्या वर्षी गेला, भावाने परत आणले, आणि सासरचे नाव तिथेच राहिले. म्हणजे हे नदीचे नाव त्या बाईने दोनदा मिळवले होते, आणि दोन्ही वेळा कोणीतरी गेल्यावर. हे मी मनात जुळवत होते. त्या तर वेगळ्याच हिशेबात होत्या. "म्हणजे मी तीन वर्सांनी ल्हान झाले," म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून सांगितले की चहात साखर टाक, माझे वय कमी झालेय.

मग त्यांनी कागद मागितला. तो उलटा धरला होता. मी सुलट करून दिला, तरी त्यांना दोन्ही सारखेच होते. "कुठंशी हाय?" मी त्यांचे बोट धरून ओळीवर ठेवले. जिथून नाव सुरू होते तिथून जिथे संपते तिथपर्यंत ते बोट हळूहळू गेले, आणि वयाच्या आकड्याशी थांबले. झेरॉक्सची काळी पूड बोटाला लागली. ती त्यांनी पदराला पुसली नाही.

"हे कुणालाच वाचता येत न्हाई म्हणता," त्या म्हणाल्या, "तर खाली बाळबोधीत लिहून द्या की." मी पेन काढले. त्या दमट हवेत बॉलपेन झेरॉक्सच्या कागदावर उठेना, म्हणून मुलाने त्याचे जेल पेन दिले. मी नोंदीखाली मोठ्या, सुट्या अक्षरांत नाव लिहिले आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी पाहिले आणि तो परत माझ्याकडे सरकवला. "एकदाच लिहिलाव," त्या म्हणाल्या. "दोघी आहोत न्हवं."